लंडन ते पॅरिस : अंतर आणि अवधी
(मागील अंकावरून पुढे)

लंडन, मंगळवार

पॅरिसचे विमान उद्या सकाळी हीथ्रोहून सुटावयाचे असल्याने आजचा मोकळा दिवस मी त्याच विमानतळाच्या उत्तरेकडील रस्त्यालगत, तोंड आकाशाकडे करून जमिनीत पुरलेली एक जुनी तोफ पाहण्यात घालविला. ग्रिनिच आणि पॅरिस येथील वेधशाळांचे परस्परांशी असलेले स्थान एकदाचे निश्चित व्हावे, अशी मागणी फ्रान्सकडून आली, तेव्हा १७८४ साली जनरल विल्यम रॉय याने येथील हाउन्सलोच्या सपाट माळावर सुमारे पाच मैलांची आधाररेषा मोजली. लाकडी दांड्या दमट हवेने फुगतात असे ध्यानी येताच वीस वीस फुटांच्या काचेच्या नळ्या करवून त्याने ती मोजणी तडीस नेली. पुढे १७८७ साली इंग्लिश खाडीच्या दोन्ही तीरांवर रात्री शुभ्र ज्वाला पेटवून दोन्ही देशांच्या पंडितांनी आपापले त्रिकोण एकमेकांना जोडले. ही तोफ म्हणजे त्या आधाररेषेच्या एका टोकाची खूण. १९१९ साली लंडन-पॅरिस ही नित्याची विमानसेवा सुरू झाली, तीही याच हाउन्सलोच्या माळावरून, आणि त्या वेळी प्रवासास अडीच तास लागत.

पॅरिस, बुधवार

अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. वेळापत्रकात सव्वा तास मांडलेला असला, तरी प्रत्यक्ष आकाशात पाऊण तासच काय तो जातो. बाकीचा धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्यात खर्ची पडतो. ब्लेरिओ या वैमानिकाला १९०९ साली जी खाडी ओलांडावयास ३७ मिनिटे लागली, ती चहाचा पेला रिता होण्यापूर्वीच मागे पडली. उतरल्यावर घड्याळ एक तास पुढे केले.

पॅरिस, गुरुवार

त्या एका तासाचा छडा आज वेधशाळेजवळ लागला. तेथे पदपथात तळहाताएवढी कांस्य चकती बसविलेली आहे. तिच्यावर अरागो या ज्योतिर्विदाचे नाव असून उत्तर-दक्षिण दिशांची अक्षरे कोरलेली आहेत. पॅरिसचे रेखावृत्त येथून जाते. ग्रिनिचच्या मानाने येथे मध्यान्ह अवघी ९ मिनिटे २१ सेकंद आधी होते, म्हणजे सूर्याच्या हिशेबी ही दोन शहरे जवळजवळ एकाच वेळेची. १९११ साली फ्रान्सने ग्रिनिचची वेळ स्वीकारली, परंतु कायद्यात त्या गावाचे नाव न घालता 'पॅरिसची मध्यम वेळ, ९ मिनिटे २१ सेकंदांनी मागे' अशी शब्दयोजना केली. राष्ट्राभिमान आणि व्यवहार या दोहोंची बूज राखणारी ही तडजोड मला मोठी हृद्य वाटते. पुढे १९४० साली जर्मन अंमल बसताच येथील घड्याळे बर्लिनच्या वेळेवर लावण्याचा हुकूम सुटला, आणि युद्ध संपून मुलूख मोकळा झाला तरी ती मागे आली नाहीत. काल मी पुढे सारलेला काटा त्याच हुकुमाची बाकी होती.

परतीचे तिकीट आगगाडीचे काढले आहे. खाडीखालचा बोगदा ५० किलोमीटरांचा, प्रवास सव्वादोन तासांहून थोडा अधिक. पण रॉयने आपले अवजड कोनमापक ज्या केंट परगण्यातून फिरविले, तो जमिनीवरून पाहिल्यावाचून मला घरी जाववणार नाही.

(क्रमशः)