पाटण्याचा आकडा

१४ ऑक्टोबर, वरणगाव
शाळेच्या प्रदर्शनासाठी खान्देशातल्या प्राचीन स्थळांचा तक्ता करतोय. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्यापाशी अडलो. एक पुस्तिका चाळीस हजार वर्षं म्हणते, दुसरी पंचवीस, तिसरी नुसतंच ‘अतिप्राचीन’. आधार कुणीच दिलेला नाही. पोरं हेच वहीत उतरवतील.

१९ ऑक्टोबर
रात्री जुने अहवाल वाचले. पाटण्याचं उत्खनन एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये केलं. त्यांचा सविस्तर ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९८९ साली काढला. पंचवीस हजारांचं मूळ शहामृगाच्या अंड्याच्या कवचात आहे. ग्रोनिंगेनच्या प्रयोगशाळेत कार्बन-१४ मोजून उत्तर आलं: २५,००० वर्षं, अधिक-उणे २००. ही मोजणी १९५० पासून मागे होते, आणि हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण काळानुसार बदलत असल्याने खरं वय याहून काही हजार वर्षं जास्त निघतं. नमुना, प्रयोगशाळा, दुरुस्ती झाली की नाही, हे सोबत नसेल तर आकडा पोरका. एका कवचावर दोन समांतर रेघा आणि त्यांमध्ये आडव्या-तिरप्या रेघांची जाळी कोरली आहे. चित्र मोठं करून कितीतरी वेळ पाहत बसलो. कुणीतरी धारदार गारगोटीने, हात न थरथरवता ओढलेल्या त्या रेघा!

२३ ऑक्टोबर
तक्त्यातली पुढची दोन स्थळं: बहाळ गिरणेकाठी, प्रकाशे तापी-गोमाईच्या संगमावर. बहाळला म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ मध्ये, प्रकाश्याला बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये खणलं. तेव्हा देशात कार्बन-१४ मोजणारी प्रयोगशाळाच नव्हती; मुंबईची टाटा संस्थेतली साठच्या दशकातली. म्हणून तिथे थर आणि खापरांच्या तुलनेवरच भिस्त. तक्त्यात ‘अंदाजे’ लिहायलाच हवं. त्यात त्या माणसांच्या कष्टांना उणेपणा नाही.

२७ ऑक्टोबर
आठवीतला एक मुलगा तापीच्या वाळूतून चकमकीचा छिलका घेऊन आला. एका बाजूला ठोक्याचा फुगवटा, कडेला बारीक दात. “सर, किती जुनं?”
“नुसत्या दगडावरून वर्ष सांगता येत नाही रे. कुठे सापडलं ते आधी दाखव.”
संध्याकाळी दोघं जाऊन आलो. जागेचा फोटो घेतला, पुलापासूनचं अंतर पावलांनी मोजलं, वहीत नकाशा काढला. बाकीचे दगड तिथेच ठेवले. तक्त्यात वरणगावची ओळ घातली. काळाच्या रकान्यात लिहिलं: ‘ठरलेला नाही’.