मोडीत गेलेली वजरी

वाडा पाडायचं ठरलं आणि माळ्यावरची पितळी भांडी काट्यावर चढली. बाई गावी पोचल्या तोवर मोडवाल्याचा टेम्पो निघून गेला होता. हंडे-घंगाळी गेल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. वजरी गेल्याचा मात्र राग आला. मुठीत मावणारी वस्तू. वर मोर, खाली खरखरीत तळ, आत घुंगरू. आजीच्या न्हाणीत शिकेकाईच्या वासात ती वाजायची. भावाने सगळ्याचे मिळून किती आले ते सांगितलं, ते बाईंनी ऐकूनच घेतलं नाही.

बाई माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतात. त्या स्वतः शाळेत असताना सहल पुण्याच्या केळकर संग्रहालयात गेली होती. रांग सोडू नका, हात लावू नका, तलवारी बघा आणि पुढे सरका! तिथे एका कपाटात वजऱ्या दिसल्या आणि ही मुलगी जागची हलेना. आजीची पाय घासायची वस्तू काचेआड? सहलीच्या निबंधात तिने तेवढंच लिहिलं. वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत शेरा होता: ‘विषय सोडून लिहू नये.’ तो शेरा त्यांनी आजतागायत माफ केलेला नाही.

ज्याने ते कपाट भरलं, तो माणूसही विषय सोडूनच वागला. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत आणि गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कुलपं, वजऱ्या जमवत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला. वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा हा संग्रह १९७५ मध्ये त्यांनी राज्य सरकारला दिला. त्याला नाव आहे ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. पाठ्यपुस्तकात १७२८ ची पालखेडची लढाई असते. बाजीरावाच्या घरात सुपारी कशाने कातरत, याला मार्क नाहीत.

सातारच्या संग्रहालयात २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं आली, तेव्हा वर्गात एकच प्रश्न होता: “बाई, खरी तीच का?” लंडनच्या संग्रहालयाचंच म्हणणं आहे की अफजलखानाच्या वेळची हीच, असं सिद्ध करता येत नाही. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफकडून आली, इथवर माग लागतो. मुलं हिरमुसली. बाई मनातून खूश झाल्या. असा प्रश्न पडायला एरवी वर्ष जातं.

अवांतर वाचनाच्या यादीत त्या कादंबऱ्या घालत नाहीत, हा त्यांचा हट्ट. पहिलं पुस्तक ‘माझा प्रवास’. वरसईचे विष्णुभट गोडसे डोक्यावरचं कर्ज फेडायला निघाले. बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढीच आशा. वाटेत १८५७ चं बंड पेटलं आणि हे भिक्षुक झाशीच्या वेढ्यात अडकले. पुस्तक छापून आलं ते १९०७ मध्ये. झाशी पडल्यावरच्या लुटीचं वर्णन बाई वर्गात मोठ्याने वाचतात. सोनं-चांदी तर गेलीच, पण तांब्यापितळेची भांडी, कपडे, धान्यही उचललं गेलं. त्या भांड्यांत वजरी असेल का, हा प्रश्न त्या मुलांना विचारत नाहीत. स्वतःला विचारतात.

यंदा त्यांनी मुलांना संग्रहालयात नेण्याआधी घरचं जुनं भांडं आणायला सांगितलं. जुन्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं: कुणी दिलं, कुणाला दिलं, कधीकधी तारीखही. मुलं ताम्रपट वाचावा तशी ठिपक्यांची अक्षरं वाचू लागली. एका तपेल्यावर दोन नावं निघाली. पहिलं घासून पुसट केलेलं, दुसरं त्याच्यावरच ठोकलेलं. वर्गात दोन तट पडले. भावांच्या वाटणीत आलं असेल, असं एकाचं म्हणणं. लिलावात घेतलं असणार, दुसरा म्हणाला. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिने गोडसे भटजी अर्धेच वाचले होते, ठामपणे म्हणाली, “गहाण पडलं असणार. आणि सोडवायचे पैसे मिळवायला गेलेला माणूस उत्तरेकडेच अडकला असणार.”