रडू अडवू नये

ती. ताईस,


तुझा फोन झाल्यापासून तुला सविस्तर लिहायचं मनात होतं. नैराश्यावरच्या गोळ्या सोडून ब्राह्मी घेतली तर चालेल का, तपासण्या सगळ्या नीट आल्या तरी पोट का बिघडतं, आणि शेजारच्या काकू म्हणतात तसं हे ‘बाहेरचं’ तर नसेल ना, असं तू एका दमात विचारलंस. फोनवर घाईघाईत उत्तरं द्यायचे हे प्रश्न नव्हेत. मी वैद्य आहे, तेव्हा माझ्या शास्त्राला धरून लिहिते. पण त्या शास्त्राची बाजू घ्यायची म्हणून नव्हे, तू बरी व्हावीस म्हणून लिहिते.

आधी पोटाचं. भाऊजी गेल्यापासून तुला जेवण अंगी लागत नाही, सकाळी उठल्या उठल्या तीन-चारदा जावं लागतं. तपासणीत काही निघालं नाही म्हटल्यावर घरचे म्हणाले, ‘मनाचं आहे.’ आणि तुला वाटलं, आपला त्रास कुणाला खराच वाटत नाही. ताई, चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अतिसाराचे सहा प्रकार दिले आहेत. वात, पित्त, कफ यांचे तीन, तिन्ही दोष एकत्र बिघडल्याचा एक, आणि उरलेले दोन भयाचा नि शोकाचा. शोकाने होणारा अतिसार तिथे इतर अतिसारांच्या पंगतीतच बसवलाय. तो खरा आजार आहे, त्याची लक्षणं वाताच्या अतिसारासारखी असतात, आणि उपचार दोन्ही बाजूंनी करायला सांगितलाय: पोटासाठी वात शमवणारं औषध, आणि मनासाठी हर्षण आणि आश्वासन. रुग्णाला आनंद वाटेल असं करणं आणि धीर देणं ही तिथे चिकित्सा आहे, वरवरची समजूत नव्हे. विमानस्थानात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. फार चिंता केली की रसवह स्रोतसं बिघडतात. अन्नापासून पहिल्यांदा जो रस तयार होतो, ज्यावर बाकीचं शरीर पोसलं जातं, त्याचेच हे मार्ग. अंगी लागत नाही असं तू म्हणतेस, त्याचा धागा तिथवर जातो.

महाभारतात वनपर्वात शौनक युधिष्ठिराला सांगतो की तापलेला लोखंडाचा गोळा घागरीत टाकला की आतलं पाणीही तापतं, तसं मनाच्या दुःखाने शरीर तापतं. आमच्या शास्त्राचं म्हणणं याहून एक पाऊल पुढे आहे. शरीराचे आजार मनात उतरतात, मनाचे शरीरात, आणि पुढे दोन्ही एकमेकांना धरून राहतात. म्हणून पोटाची तपासणी करून घेतलीस हे योग्यच केलंस. नव्या गोळ्यांनीही काहींचं पोट सुरुवातीला बिघडतं, तेव्हा तेही डॉक्टरांना विचार.

आता जे तू शेवटी, जवळजवळ कुजबुजत सांगितलंस, ते. तुला रडूच आलं नाही. भाऊजींना नेलं त्या दिवशी तू पाहुण्यांच्या चहाचं बघत होतीस, भटजींना दर्भ आणि तीळ काढून देत होतीस, आणि सगळे म्हणत होते, ‘किती खंबीर आहे.’ तेव्हापासून घशाशी काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, डोकं हलकं होतं, तोंडाला चव नाही. चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात तेरा वेग सांगितले आहेत जे अडवू नयेत. मल, मूत्र, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप यांच्या ओळीत अश्रूही आहेत. अश्रू अडवले तर पडसं, डोळ्यांचे विकार, हृदयाचे विकार, अरुची आणि भोवळ येते, असं तिथे लिहिलंय. आणि त्याच अध्यायात लगेच पुढे दुसरी यादी येते, आवरायच्या वेगांची. लोभ, भय, क्रोध, गर्व, मत्सर यांच्यात तिथे शोकही आहे.

हे मला फार मोलाचं वाटतं. शोकाला आवर घालायचा, पण रडू अडवायचं नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. बाईने डोळ्यांतून पाणी काढलं नाही की तिचं कौतुक, आणि आतला शोक वर्षानुवर्षं तिला पोखरत राहिला तरी त्याकडे कुणाचं लक्ष नाही. अश्रू अडवल्यावर करायचा उपचारही चरकाने सांगितला आहे. झोप, मद्य आणि आवडत्या गोष्टी ऐकणं, बोलणं. मद्याचं नाव मी काढणार नाही; नैराश्यात ते घातक ठरतं आणि तुझ्या गोळ्यांबरोबर तर ते नकोच. पण उरलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या अर्थाने औषध आहेत. तुमच्या घरात भाऊजींचं नावही निघत नाही, तुला त्रास होईल म्हणून. हे थांबायला हवं. ते दर वैशाखात आंब्याची अढी लावायचे, पेंढा बाजूला करून एकेक फळ हातात घेऊन हुंगायचे, दोन बोटांनी देठापाशी दाबून बघायचे आणि पिकलेलं तेवढं काढून बाकीचं पुन्हा झाकून ठेवायचे. मुलांना हे सांग. सांगताना रडू आलं तर येऊ दे, आणि हसू आलं तरी अपराधी वाटून घेऊ नकोस.

काकूंच्या ‘बाहेरच्या’बद्दल मला स्पष्ट लिहायलाच हवं. आयुर्वेदाच्या आठ अंगांत भूतविद्या हे एक अंग आहे, आणि उन्मादाच्या प्रकारांत आगंतु, म्हणजे बाहेरून येणारा, असाही प्रकार सांगितला आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. पण चरकाच्याच निदानस्थानात उन्मादाच्या अध्यायाच्या शेवटी जे म्हटलंय ते काकूंना ठाऊक नसावं. देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांच्यापैकी कुणीही स्वतःहून माणसाला पीडा देत नाही; त्यांच्यावर दोष ढकलू नये, कारण आजाराचं मूळ माणसाच्याच बुद्धी, धृती आणि स्मृती यांच्या बिघाडात असतं. त्या काळात, त्या ग्रंथात हे लिहिणं ही केवढी हिंमत होती! या बिघाडाला प्रज्ञापराध म्हणतात. पण त्यातला ‘अपराध’ तू स्वतःच्या माथी मारून घेऊ नकोस. रात्रंदिवस रुग्णाच्या उशाशी बसलेल्या बाईची झोप गेली, जेवणाच्या वेळा गेल्या, आणि शेवटी माणूसही गेलं; त्यातून मन खचलं यात तुझा गुन्हा कोणता? सुश्रुताने तर उन्मादाचा मानसदुःखाचा असा वेगळाच प्रकार केला आहे, आणि त्याच्या कारणांत आप्तांचा वियोग आहे.

जुन्या ग्रंथांतलं सगळंच मला मान्य आहे असं मात्र समजू नकोस. उन्मादाच्या रुग्णाला बांधून ठेवावं, दात काढलेल्या सापाने किंवा शिकवलेल्या हत्ती-सिंहाने घाबरवावं, असेही उपाय त्यांत आहेत. आज ते करणं क्रूरपणा आहे. तामिळनाडूत एर्वाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून गेले. तिथल्या दर्ग्याच्या आधाराने बरे होतील या आशेने घरच्यांनीच त्यांना तिथे ठेवलं होतं. आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा गुन्हा ठरवला आहे. तेव्हा काकूंचा जीव तुझ्यावर आहे हे मान्य करूनही सांगते, कुठल्याही देवऋषाकडे जायचं नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून तुला बरं वाटत असेल तर जरूर लाव. ते वेगळं आणि अंगारे-उतारे वेगळे.

मग शास्त्रात तुझ्या कामाचं काय आहे? चरकाने तीन प्रकारची चिकित्सा सांगितली. दैवव्यपाश्रय म्हणजे मंत्र, होम, उपवास वगैरे. युक्तिव्यपाश्रय म्हणजे आहार आणि औषधं. आणि तिसरी सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून वळवून आणणं. मनाच्या विकारांवर ज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी हे उपाय म्हणून सांगितले आहेत, आणि एका भावनेचा जोर विरुद्ध भावनेने उतरवायलाही सांगितलंय. प्रिय वस्तू हरवल्याने ज्याचं मन मोडलं त्याला तशीच वस्तू मिळवून द्यावी, नाहीतर सांत्वन आणि आश्वासन द्यावं, असं तिथे आहे. भाऊजींसारखं दुसरं काही मिळवून देता येत नाही. मग उरतं सांत्वन, आणि ते एकदा भेटून जाण्याने होत नाही, रोज लागतं. सत्त्वावजयाची रीत ग्रंथांनी फार तपशिलात दिलेली नाही. ती वैद्याच्या आणि घरच्यांच्या समजुतीवर सोडली आहे. आज समुपदेशक हेच काम नीट शिकून, ठरावीक पद्धतीने करतात. डॉक्टरांनी तुला समुपदेशन सुचवलंय, ते सुरू कर. त्यात माझ्या शास्त्राशी किंवा तुझ्या श्रद्धेशी विसंगत असं काहीच नाही.

राहिला ब्राह्मीचा प्रश्न. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, वेखंड या मनाच्या विकारांत वापरायच्या जुन्या वनस्पती आहेत. कल्याणक घृतासारखी औषधी तुपंही आहेत. शिरोधारा तर तू ऐकलीच असशील. रुग्णाला उताणं निजवतात, डोळ्यांवर कापसाच्या घड्या ठेवतात, आणि तळाला भोक पाडून वात ओवलेल्या भांड्यातून कोमट तेलाची बारीक धार कपाळावर चार बोटं उंचीवरून सोडतात, या कानापासून त्या कानापर्यंत, न तुटता. झोप उडालेल्या माणसांना त्याने शांत वाटतं, हे मी अनेकदा पाहिलंय. पण शांत वाटणं आणि आजार बरा होणं यात अंतर आहे. तुला झालेलं नैराश्य एकट्या ब्राह्मीवर सोपवण्याइतका भरवसा मला नाही, आणि मला नाही म्हणजे तूही ठेवू नयेस.

वनस्पती आहे म्हणजे अपाय नाही, असं लोक धरून चालतात. सर्पगंधेचं उदाहरण बघ. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्यावरचं आपलं काम ब्रिटिश नियतकालिकात छापलं, आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मधल्या काळात १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. आपल्या मुळीचा केवढा सन्मान! पण पुढे रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणाऱ्यांपैकी काहींना खोल नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. त्याने मेंदूतली सेरोटोनिनसारखी द्रव्यं कमी होतात हेही कळलं, आणि नैराश्य अशा द्रव्यांच्या कमतरतेने येतं या मताला त्यातून बळ मिळालं. त्या मतावर नंतर वाद झाले, पण तू ज्या गोळ्या घेतेस त्या प्रकारच्या औषधांचा शोध त्याच वाटेने पुढे गेला. सर्पगंधा खवळलेल्या मनाला शांत करते, पण खचलेल्या मनाला ती आणखी खाली नेऊ शकते. तुझ्या आजारात ती चालणार नाही. कुणी ‘झोपेची आयुर्वेदिक गोळी’ म्हणून काही दिलं तर आत काय आहे ते आधी मला वाचून दाखव. बाजारातल्या तयार औषधांबद्दलही सावध राहा. २००४ मध्ये अमेरिकेत बॉस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

म्हणून ताई, माझं सांगणं असं. डॉक्टरांच्या गोळ्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. त्या एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी होते आणि आजारही उलटू शकतो. कमी करायच्या तर डॉक्टरांनीच, हळूहळू. माझ्याकडून तुला फक्त दिनचर्या हवी आहे. रोज ठरल्या वेळी उठणं, आंघोळीआधी कोमट तिळाच्या तेलाने अंगाला आणि तळपायांना अभ्यंग, सकाळच्या उन्हात थोडं चालणं. पोट ठीक होईतो मऊ भात, मुगाचं वरण, ताजं गोड ताक आणि थोडंसं तूप. दुपारी झोपणं टाळ म्हणजे रात्रीची झोप लागेल. यापलीकडे कुठलंही चूर्ण किंवा काढा घ्यायचा तर डॉक्टरांना आणि मला, दोघांना सांगून. पुढच्या भेटीला मी तुझ्याबरोबर येते आणि त्यांच्याशी बोलते. वैद्य आणि डॉक्टर एका रुग्णासाठी एकत्र बसले तर कुणाचाच मान कमी होत नाही.

आणि एक. जगण्यात अर्थ नाही असं कधी रात्री-अपरात्री वाटलं तर ते मनात ठेवू नकोस. त्या क्षणी मला उठव. मी उचलला नाही तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस सेवेचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं. आजाराच्या वाढीला सगळ्यांत जास्त हातभार लावणारी गोष्ट म्हणून चरकाने विषादाचं नाव घेतलंय. त्याच्याशी तू एकटीने झुंजावंस असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.

मुलांना आशीर्वाद. भेटीची तारीख ठरली की लगेच कळव, म्हणजे मला रजा काढता येईल.

तुझी,
धाकटी