टिकटिक कुणाची?

क्राफ्टवेर्क या जर्मन बँडच्या ‘रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटी’ची माझी रेकॉर्ड मी किती वेळा धुतली, याचा हिशेब बायको माझ्यापेक्षा नेमका सांगेल. १९७५ची एलपी, मुखपृष्ठावर जुना जर्मन रेडिओ. सुरुवातच किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरची. शांततेत सुटे ठोके पडतात, मग जवळजवळ येत जातात आणि त्यांच्यातूनच पुढचं गाणं सुरू होतं. लताबाईंच्या रेकॉर्डवर कचरा असला तर तो गळ्याखाली, सतारीखाली झाकला जातो. इथे झाकायला काहीच नाही. त्यात यवतमाळात दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की हवेत रुई. खिडक्या लावल्या तरी पिनेच्या टोकाला पुंजका धरतोच. बँडची टिकटिक कुठली आणि आमच्या कापसाची कुठली, एवढ्या एका भानगडीत माझी चाळीस वर्षं गेली.

ओरखडा ओळखायला सोपा. तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांची, त्यामुळे त्याचा ‘टक्’ तेवढ्याच अंतराने परत येतो. धुळीच्या कणाला मात्र शिस्त नाही. तो नेमका दोन ठोक्यांच्या मधे पडतो आणि तिसरा ठोका असल्याचं सोंग करतो.

तीन वर्षांपूर्वी मला रेकॉर्ड धुण्याचं मिश्रण साधलं. बॅटरीचं पाणी, थोडं अल्कोहोल आणि आणखी एक गोष्ट. प्रमाण कुणाला सांगितलं नाही. नागपूरहून दोघे मुद्दाम ऐकायला आले, त्यांनाही नाही. बिचारे ऐकून गप्प बसले. मला वाटलं, थक्क झाले.

या दिवाळीत नऊ वर्षांची नात शेजारी बसली होती. म्हणाली, “आबाजी, हे मधेमधे काय टिकटिक करून राहिलं?” मी म्हटलं, “तो गायगर आहे.” “तो नाही हो, दुसरं. बारीक.” आणि प्रत्येक टिकटिकीला ती टेबलावर बोट आपटू लागली. बोट मला दिसत होतं. आवाज येत नव्हता. “तुम्हाले ऐकू नाही येऊन राहिलं का?”

कान तपासले. कागदावरची रेघ चार हजार हर्ट्झच्या पुढे थेट विहिरीत उतरलेली. ‘टक्’ची धार असते ती त्याच पट्टीत. म्हणजे रेकॉर्ड कधी स्वच्छ झालीच नव्हती. प्रमाण लपवलं ते फुकटच.

तरी सील न फोडता एलपी कपाटात ठेवणाऱ्यांना मी आजही संग्राहक म्हणणार नाही. ती एफडी झाली. मोबाइलवर ऐकणाऱ्यांशी तर वादच नाही, त्यांच्याकडे धूळच नसते. ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’ या आगगाडीवरच्या रेकॉर्डलाच क्राफ्टवेर्कचं शिखर मानणाऱ्यांशी मात्र मी भांडतो. आमच्या शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरपर्यंतचे ११३ किलोमीटर ज्याने केले असतील, त्याला रुळांचा ठेका त्या जर्मनांनी काय शिकवावा!

माज होता मला. जर्मन नाव नीट उच्चारता येतं याचाच जास्त. त्या माजापायी एक गोष्ट हातची घालवली. ऐंशीच्या दशकात नागपुरातल्या एका दुकानदाराने चरणजित सिंग यांची १९८२ची एचएमव्हीची रेकॉर्ड पुढे केली होती. भैरव, ललित, तोडी, मालकंस, असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर. मुंबईचा सिनेमात वाजवणारा माणूस, तो काय इलेक्ट्रॉनिक करणार, म्हणून मी हसलो आणि परत दिली. रोलँडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर त्यांनी जे केलं, त्याच्या फार जवळचं शिकागोच्या पोरांनी १९८७मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मध्ये केलं आणि त्याला नवं संगीत म्हटलं गेलं. २०१०मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. चरणजित सिंग २०१५मध्ये गेले, क्राफ्टवेर्कचे फ्लोरियन श्नायडर २०२०मध्ये. श्नायडर गेले तेव्हा मी दिवसभर रेकॉर्ड लावून बसलो होतो. चरणजित गेल्याचं मला महिन्याने कळलं.

वणी, पुसद, दारव्हा, कुठेही कुणाच्या माळ्यावर ती १९८२ची प्रत असेल तर कृपा करून पुसू नका. धोतराने तर नाहीच. आहे तशी यवतमाळला आणा. धुईन मी, ऐकेल नात.