फ्रिजचा नळ

फ्रिजमधली बाटली रिकामी करणारे आमच्या घरात चौघे. भरणारी मात्र एकटी ही! म्हणूनच थेट नळाशी जोडायचा, दारातूनच गार पाणी देणारा फ्रिज आला, तेव्हा हिला वाटले, सुटले बाई एकदाची!

प्लंबरने पाइपला भोक पाडून वर चिमटा आवळण्याचे साफ नाकारले. "साहेब, तो पुढेमागे गळतोच." त्याने रीतसर टी बसवला, स्वतंत्र कॉक दिला, पाव इंची नळी मागे नेली. पण फ्रिजमधून धार कसली, नुसती टिपटिप!

कारण साधेच होते. १० मीटर उंचीचे पाणी सुमारे १ बार दाब देते. आम्ही राहतो अगदी वरच्या मजल्यावर. गच्चीतली टाकी जेमतेम ३ मीटर वर. म्हणजे दाब ०.३ बार! फ्रिजच्या पुस्तिकेची मागणी निदान १.४ बारची. उंचावर राहण्याचा मान आमचा, दाब मात्र खालच्यांचा!

शेवटी लहानसा पंप बसला. सुरुवातीचे पाणी ओतून दिले, पहिला बर्फही टाकला. मग धार अशी सुरेख लागली!

"गाळणी दर सहा महिन्यांनी बदलायची," प्लंबर जाताना म्हणाला.

"ते कोण लक्षात ठेवणार?" हिने विचारले.

घरात एकदम शांतता पसरली. यंत्राने एक काम उचलले की दुसरे हळूच खाली ठेवलेले असते. आणि ते उचलायला पुन्हा तेच हात पुढे होतात. मी पेन्सिल घेतली, कॅलेंडरवर तारीख शोधली आणि तिच्यापुढे स्वतःचे नाव लिहिले.