परक्या रुळांवरची वाघीण

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. वर्गात हा शब्द आला की विद्यार्थी हसतात. परक्या शब्दाला आपल्या भाषेने कसे आपलेसे केले, याचे उदाहरण म्हणून आम्ही तो वर्षानुवर्षे सांगत आलो. पण वाघीण ही स्वतःच परक्या रुळांवर जाण्यासाठी जन्मलेली वस्तू आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले, आणि तेही पुस्तकातून नव्हे.

पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. त्यानंतर वर्षभरात आम्ही ते पाहावयास गेलो. डोंगर, बोगदे, लुकलुकणारे सिग्नल, वळणावरून डौलात जाणाऱ्या गाड्या असे सगळे पाहून आमच्या रांगेतली मुले आणि त्यांचे बाप सारख्याच मोठ्या डोळ्यांनी उभे होते. शेजारचे एक वयस्क गृहस्थ मात्र मालगाडीकडे बोट दाखवून आम्हांला विचारते झाले, "यात माल काय असेल हो? आणि कोणाला चाललाय?" गृहस्थ कुर्डुवाडीचे निघाले. रेल्वेच्या मालकचेरीत जन्म घालवून निवृत्त झालेले. परतीच्या गाडीत आमची ओळख स्नेहात रूपांतरित झाली. आमच्या माडीवर एक टेबल होते, त्याच्यावर सोळा मिलिमीटरच्या थोड्या वर रुंदीचे रूळ वर्तुळात मांडलेले होते आणि त्यांवरून एक गाडी स्वतःच्या शेपटीचा पाठलाग करीत असे. हे आम्ही त्यांना जरा संकोचानेच सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "सर, गोल फिरणाऱ्या गाडीला बिल्टी लागत नाही."

या छंदाच्या इतिहासात हा प्रश्न आमच्या स्नेह्यांच्या आधी इतरांनाही पडलेला होता. अमेरिकेत फ्रँक एलिसन यांनी १९४०च्या दशकात आपल्या रेल्वेची तुलना रंगभूमीशी केली होती. गाड्या ही पात्रे, वेळापत्रक हे कथानक. साहित्याच्या माणसाला ही उपमा चटकन आवडते, आम्हांलाही आवडली. तरी आमच्या मते तिच्यात एक उणीव आहे. रंगमंचावरचे पात्र विंगेत गेले की संपते. पुढे डेटनच्या अ‍ॅलन मॅक्लेलंड यांनी जी कल्पना रुजवली ती अधिक खोल आहे. तळघरातली रेल्वे हा एका फार मोठ्या जाळ्याचा दिसणारा तुकडा आहे, भिंतीआड गेलेली गाडी खरोखर कुठेतरी गेली आहे, असे त्यांनी धरले. त्यांची 'व्हर्जिनियन अँड ओहायो' आणि टोनी कोस्टर यांची 'अ‍ॅलेगेनी मिडलंड' या दोन्ही कल्पित रेल्वे. एक ओहायोत, दुसरी न्यू जर्सीत. तरीही त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत असे मानून एकीच्या वाघिणी दुसरीच्या रुळांवर दिसू लागल्या. दोन लेखकांच्या कादंबऱ्यांतली पात्रे परस्परांच्या गावी पाहुणी जावीत, तसा हा प्रकार.

आम्ही दोघांनी हेच केले, फक्त सोलापुरी पद्धतीने. आमच्या टेबलावर सोलापूरचा मालधक्का आणि गिरणीचे गोदाम. त्यांच्या टेबलावर कुर्डुवाडी. त्यांचे टेबल आमच्याहून अवघड होते. कुर्डुवाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचे मूळ गाव. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी बांधलेली ही अडीच फुटी लाइन १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरज, अशी ती वाढली. लातूर-बार्शीकडचा कापूस अरुंद डब्यातून कुर्डुवाडीला यायचा आणि तिथे हमालांच्या पाठीवरून रुंद डब्यात चढायचा. स्नेह्यांनी दोन्ही रूळ शेजारी शेजारी मांडले, मधे धक्का ठेवला आणि काड्यापेटीच्या लाकडाच्या रुईगाठी चिमट्याने एकेक करून इकडून तिकडे ठेवण्याचा नियम केला. आम्ही एकदा सुचवले की, गाठी हलवल्या असे नुसते समजावे. "मग पगार घेतला असेही नुसते समजू या का?" असे उत्तर आले.

वर्ष १९६५ धरायचे, यावर मात्र आमचे लगेच एकमत झाले. कारण २ ऑक्टोबर १९६६ रोजी सोलापूर विभाग मध्य रेल्वेतून निघून नव्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि १९७७ साली परत आला. ती अकरा वर्षे टेबलावर आणायची तर सगळी अक्षरे पुन्हा रंगवावी लागली असती.

व्यवहार असा होता. प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड, त्यावर तिचा प्रकार, क्रमांक आणि घर. कार्डाला खिसा, खिशात बिल्टी. डग स्मिथ यांनी १९६१ साली 'मॉडेल रेलरोडर' मासिकात मांडलेल्या पद्धतीचाच हा वंश. बिल्टीला चार बाजू. पहिल्या बाजूवर, समजा, सोलापूरहून सूत कुर्डुवाडीस, दुसरीवर तिथून सरकी सोलापूरला, तिसरीवर रिकामी, चौथीवर आणखी काही. मुक्कामी माल उतरला की बाजू उलटायची. मग वाघीण पुढे कुठे जाणार हे आपण ठरवत नाही, कार्ड ठरवते. प्रत्यक्ष वाघीण चपलांच्या खोक्यात कापसात गुंडाळून सकाळच्या गाडीने जाई. कधी आमचा एखादा विद्यार्थी, कधी त्यांचा पुतण्या ती नेई. ज्या रुळांवरून ती गेल्याचे आम्ही मानत होतो, त्याच रुळांवरून ती खरोखरच जात होती. फक्त कोणाच्या तरी मांडीवर बसून.

एका वर्षी परीक्षेच्या गडबडीत त्यांची एक वाघीण चार महिने आमच्याकडे राहिली. एक दिवस पोस्टकार्ड आले. दिवसागणिक विलंबशुल्काचा हिशेब, खाली एकूण रक्कम आणि सही. आम्ही चिडलो. खेळाला इतके ताणू नये, अशा आशयाचे पत्र लिहिले. दोन आठवड्यांनी ते स्वतःच आले. चहा घेतला आणि शांतपणे म्हणाले, "सर, डबा तुमच्याकडे उभा होता, पण माझ्या धक्क्यावर गाठी पडून होत्या. बिल्टी फाडलेली होती. मी त्या दुसऱ्या डब्यात कशा भरू?" आमच्या लेखी ती शोभेची वस्तू होती, त्यांच्या लेखी थांबलेले एक काम. कबूल करायला हवे की, इतक्या वर्षांच्या अध्यापनात कल्पित गोष्टीला असे बांधील राहणे आम्ही कोणाला शिकवलेले नव्हते. शुल्क भरले. पावती मिळाली.

आम्ही जे खेळत होतो ते बाहेर केव्हाच संपले होते, हेही त्यांनीच सांगितले. एकटी वाघीण, तिचा एकटा माल, यार्डात तिचे जोडणे-तोडणे, हा सगळा प्रकार १९८०च्या दशकापासून मागे पडत गेला आणि पूर्ण मालगाडी एकाच मालाची, एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी, अशी रीत आली. आज आमच्या भागात वीज केंद्राच्या कोळशाच्या गाड्या येतात, सिमेंटच्या जातात. त्यांत एखाद्या डब्याला स्वतःची गोष्ट नसते. २००८ साली लातूर-कुर्डुवाडी लाइन रुंद झाली तेव्हा आम्ही हळहळलो. ते मात्र हळहळले नाहीत. "हमालांच्या पाठीला विचारा," एवढेच म्हणाले. गिरण्यांविषयी मात्र ते बोलत नसत. सोलापूरचे भोंगे एकेक करून बंद होत गेले, तरी त्यांच्या टेबलावरून गिरणीसाठी कापूस येतच राहिला.

२०१९च्या पावसाळ्यात ते गेले. महिन्याभराने त्यांचा मुलगा चपलांची तीन खोकी घेऊन आला. आमच्या तीन वाघिणी, कार्डांसकट. दोन रिकाम्या होत्या. तिसरीत अकरा गाठी भरलेल्या, बिल्टी दुसऱ्या बाजूवर उलटलेली, 'सोलापूर' लिहिलेले, तारीख घालायची राहिलेली. टेबल काढून टाकणार असल्याचे मुलाने सांगितले. घर लहान, त्याचे बरोबरच होते.

त्यांची एक वाघीण त्या दिवशी आमच्या धक्क्यावर उभी होती. बंद, चारचाकी, दाराच्या कडेला त्यांच्या हातचा रंग किंचित ओघळलेला. ती मुलाला देऊ केली. तो म्हणाला, "राहू द्या काका, आमच्याकडे आता ती उभी कुठे करणार?" १९५४ साली बार्शी लाइट सरकारजमा झाली तेव्हा तिचे डबे नव्या मालकाचे झाले. त्या न्यायाने हिच्या कार्डावरचे घर खोडून आमचे लिहायला हरकत नव्हती. लेखणी हातात घेतली आणि ठेवून दिली.

२८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहून शंभरावी किसान रेल्वे बंगालमधील शालिमारकडे निघाली. सांगोला म्हणजे बार्शी लाइटच्याच जुन्या मार्गावरचे स्टेशन. त्या गाडीत थोडका मालही घेत, वाटेतल्या थांब्यांवर चढवत-उतरवत. बातमी वाचून पोस्टकार्ड लिहावे असे वाटले. पत्ता पाठ होता.

अकरा गाठी आम्ही दुसऱ्याच दिवशी चिमट्याने उतरवून गोदामात ठेवल्या होत्या आणि तारीख घातली होती. त्यांच्या वाघिणीची बिल्टी अजून तिसऱ्या बाजूवर आहे : रिकामी, कुर्डुवाडी. दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही विलंबशुल्क वहीत मांडतो.