गाडीखालचा माणूस

गाडीला माणसं दोन तऱ्हेची. एक वर बसणारा, दुसरा खाली झोपणारा. मी खालचा.

इंदुरीत तळेगाव-चाकण रस्त्याला माझं पत्र्याचं गॅरेज आहे. आजा महारकीत अंमलदाराच्या घोड्यापुढं पळायचा. 1958 च्या कायद्यानं ते वतन गेलं. घोडाही गेला, जीप आली. घोड्यापुढचा माणूस जीपखाली आला.

जुन्या विलीज-महिंद्रा जीपला तीन गिअर. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो, पहिल्याला नाही. चढावर भरलेली गाडी दमली, की पहिला टाकायला आधी थांबावं लागतं. नाहीतर दात खरखरतात. म्हणून मालक चारचा बॉक्स बसवून मागतात, पुढच्या सगळ्या गिअरांना सिंक्रो असलेला. अमेरिकेत हौशी लोक आपोआप बदलणारा गिअर काढून हाताचा टाकतात. आमच्या जीपला पहिल्यापासून हाताचाच.

बोलायला सोपं काम. पुढचा-मागचा दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडायचे. ट्रान्सफर केससकट बॉक्स खाली घ्यायचा, जॅक असला तर जॅकवर, नसला तर छातीवर. तोंडावर तेल गळतंय. नवा चढवताना त्याचा शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांतून सरळ जाऊन क्रँकच्या टोकाच्या बुशात बसला पाहिजे. बॉक्सचं वजन प्लेटवर लोंबकळलं तर प्लेट वाकते. बोल्ट आवळून ओढला तर कान तुटतो. बॉक्सची लांबी बदलली तर शाफ्टही कमी-जास्त करायचे. ते वाकडे जोडले, की गाडी थरथरते. हे सगळं मी बोटांनी शिकलो.

एका मालकानं जुन्या बाजारातल्या बॉक्सचे पैसे न बोलता मोजले. मजुरीपाशी आला नि अडला.

"दोन दिवस खाली झोपलास, त्याचे एवढे?"

वयानं मी थोरला. तरी तो अरे, मी अहो.

"झोपलो न्हाई शेठ, काम केलं. लोखंडाचा भाव मान्य, हाताचा का न्हाई?"

"तुमच्याकडं काम दिलं हेच लई."

त्या 'तुमच्याकडं'चा अर्थ मला कुणी सांगायला नको. मी वाद घातला नाही. बिल लिहिलं. सामान एका ओळीत, मजुरी दुसऱ्या ओळीत. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. चावी खिळ्याला अडकवली.

1872 च्या करार कायद्यात 170 वं कलम आहे. मालावर मेहनत नि कसब लावून काम पुरं केलं, तर ठरलेला मोबदला मिळेपर्यंत कारागीर तो माल ठेवून घेऊ शकतो. उधारीचं ठरलं असेल तर मात्र नाही. शेठशी उधारी ठरली नव्हती. तिसऱ्या दिवशी पैसे आले, पुरे.

आजाला बलुतं मागायला दारोदार जावं लागे. मिळेल ते घ्यायचं, मोजायचं नाही. म्हणून गॅरेजवर येणाऱ्या पोरांना मी पाना धरायच्या आधी बिल लिहायला शिकवतो. मजुरीची ओळ वेगळी लिहा रे. सामानात मिसळू नका.